बाटलीवरचं नाव

वर्ध्याच्या एका कॉलेजात पाणी आणि पर्यावरणावर दोन दिवसांची परिषद होती, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीनंतर पहिला पेपर माझा होता. माझा आयुष्यातला पहिला. पेन ड्राइव्ह मुठीत धरून मी हॉलच्या मागच्या दाराशी उभी होते आणि जो तो येऊन मला सांगत होता, ‘टेन्शन घेऊ नका मॅडम.’ असं कुणी म्हटलं की माझं डोकं जास्तच फिरतं. टेन्शन काय मी हौसेनं घेतलं होतं?

मी सिंदी रेल्वेला एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास झाला तर मानधन, नाही झाला तर बसा घरी. पीएचडी झाली तर कायम होण्याची थोडी आशा. नवरा म्हणायचा, ‘तुझी पीएचडी होईपर्यंत आपल्या पोराचं लग्न होईल.’ तो गमतीनं म्हणायचा, पण मी दर वेळी चिडायचे. चिडण्यात मी पहिल्यापासून हुशार.

माहेर माझं हिंगणीच्या अलीकडे. बोर धरण तिथून जवळ, पण गावाला प्यायला हातपंपाचं पाणी, ज्याला आमच्याकडे बोरिंग म्हणतात. त्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. हा शब्द गावाला अलीकडे कळला, दात मात्र कधीपासून दिसत होते. पोरांच्या दातांवर आधी पांढरे ठिपके येतात, मग पिवळ्या, तपकिरी रेघा. उतारवयात गुडघे धरतात. माझेही दात तसलेच आहेत. वर्गात मी मोकळेपणी हसत नाही, म्हणून मुलं मला खडूस समजतात. समजू देत.

माझ्या भावाची मुलगी सहावीत आहे. लहानपणी ती खदाखदा हसायची. शाळेत कुणीतरी तिच्या दातांवरून चिडवलं, आणि तेव्हापासून फोटो काढायचा म्हटलं की तिचा हात तोंडावर जातो. धरणाचं पाणी शुद्ध करून आमच्या आणि शेजारच्या काही गावांना नळानं द्यायचं, असा प्रस्ताव जिल्ह्याच्या कचेरीत पडून आहे. भाऊ आणि गावातले लोक त्यासाठी कितीदा अर्ज घेऊन गेले असतील, त्याचा हिशोब कुणी ठेवला नाही.

माझ्या संशोधनाचा विषय मला माहेरीच सुचला. लहानपणी तिथलं पाणी जिभेला जड लागायचं, थोडं कडवट. लग्नानंतर मात्र मी माहेरी गेले की पाणी हलकं आणि गोड लागायला लागलं. वहिनी तांब्या पुढे करायची आणि मी एका दमात अर्धा संपवायचे. एकदा विचारलं, ‘पाणी बदललं काय गं?’ ती म्हणाली, ‘नाई, तेच तर आहे. रांजण तेवढा नवा आणला.’

माझी वहिनी म्हणजे मोठ्या भावाची बायको. ती लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होते. माझ्या वेण्या तिनं घातल्या, दहावीला माझ्यासोबत पहाटे उठून चहा तिनं केला. म्हणून मी नणंद असूनही ती मला ‘तू’ म्हणते, आणि मीही तिला कधी अहोजाहो केलं नाही. ती रांजण म्हणाली, आणि ते माझ्या डोक्यात जाऊन बसलं. फ्लोराईडची चव लागत नाही, हे मला कळतं. पण रांजणानं पाण्याची चव बदलत असेल, तर आणखीही काही बदलत असेल. आमच्या भागातल्या मातीत, कुंभाराच्या भट्टीत असं काही असेल की ती फ्लोराईड ओढून घेत असेल. असं असलं तर किती मोठी गोष्ट.

दिवाळीच्या सुट्टीत मी नमुने घेतले. हातपंपाचे वेगळे, आणि आमच्या मोहल्ल्यातल्या प्रत्येक घरच्या रांजणाचा एकेक. बाटल्या धुऊन, वाळवून नेल्या होत्या. प्रत्येकीवर पांढरी पट्टी चिकटवली आणि त्यावर घरच्या कर्त्या माणसाचं नाव लिहिलं, म्हणजे प्रयोगशाळेत घोळ नको. मार्कर नवा होता, अक्षर चांगलं ठळक आलं.

खरं तर बाटली आपण स्वतः भरायची असते. मी हे पोरांना शिकवते. पण माहेरी आलेल्या मुलीला कुणी उठून पाणी घेऊ देतं का? ओसरीवर पाय ठेवला की बाया माझ्या हातून बाटली काढून घेत. ‘तू बस बाई, आम्ही आणतो भरून.’ मग चहा यायचा, चिवडा यायचा, सासरची चौकशी व्हायची, आणि आतून बाटली भरून, पदरानं पुसून यायची. आत डोकावणं वाईट दिसलं असतं. मी आपली ओसरीवर बसून चिवडा खात होते.

निकाल आले तेव्हा माझा विश्वास बसेना. हातपंपाचं पाणी मर्यादेच्या कितीतरी वर, आणि रांजणांचं सगळं मर्यादेच्या आत. आणि सगळ्या घरांचे आकडे एकमेकांना चिकटून. हे मला जरा खटकलं. कुणाचा रांजण जुना, कुणाचा नवा, एकीनं तर तडा गेलेला सांगितला होता, आणि आकडा सगळ्यांचा सारखा कसा? मी सरांना विचारलं.

सर म्हणजे माझे मार्गदर्शक. पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. बाकीच्यांनी माझा विषय ऐकून जांभई दिली होती, तेव्हा यांनी मला विद्यार्थिनी म्हणून घेतलं. ते हसले आणि म्हणाले, “मॅडम, आकडे जुळले नाहीत तर तुम्ही रडता, जुळले तरी रडता. तुमचं करायचं तरी काय?” मग मीही हसले. पेपरावर त्यांचं नाव पहिलं आणि माझं दुसरं असं ठरलं, तसा रिवाजच आहे.

परिषदेच्या पहिल्या दिवशी उद्घाटनाला जिल्ह्याचे पाणीपुरवठ्याचे मोठे साहेब आले होते. स्मरणिकेत सगळ्या पेपरांचे सारांश छापले होते, आणि साहेबांनी नेमका माझा वाचला होता. बाकी पाहुणे सत्काराचा नारळ घेऊन निघून जातात. हे चांगले अभ्यासू निघाले. भाषणात म्हणाले, “आपल्या जिल्ह्यातल्या एका भगिनीनं दाखवून दिलंय की साधा मातीचा रांजण फ्लोराईड कमी करतो. मग एवढी पाइपलाइन कशाला टाकायची? घरोघरी रांजण देऊ. प्रस्ताव माझ्या टेबलावर आहे. उद्या मी हा पेपर ऐकायला मुद्दाम येणार, आणि मग ठरवणार.”

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. सरांनी पुढच्या रांगेतून मान वळवून माझ्याकडे पाहिलं, त्यांचा चेहरा फुलला होता. माझेही पाय जमिनीवर ठरेनात. पण टाळ्या थांबल्या तशी मला भाची आठवली. रांजण तर आमच्या घरी पिढ्यानपिढ्या आहे. मग पोरीचे दात असे का? घरी जाताना एसटीत मी स्वतःची समजूत काढली, की दात घडतात ते अगदी लहानपणी, आणि हा नवा रांजण नंतर आला. समजूत पटली. पटवून घेतली म्हटलं तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी वहिनी मला ऐकायला आली. भावाचं शेतात काम होतं, म्हणून एकटीच एसटीनं आली होती. ठेवणीतली जांभळी साडी, खांद्याला कापडी पिशवी. आमच्या घरातलं कुणी असल्या हॉलमध्ये पहिल्यांदाच येत होतं. मी तिची सरांशी ओळख करून दिली. ती दोन्ही हात जोडून म्हणाली, “जयभीम सर.” सर म्हणाले, “नमस्कार, नमस्कार. तुमच्या रांजणानं तर कमाल केली.” वहिनी लाजली आणि माझ्याकडे पाहून हसली. आता आठवलं की त्या हसण्याचा मला फार त्रास होतो.

चहाची सुट्टी झाली. मला तहान लागली होती. वहिनी व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती, तिच्या पिशवीतून पाण्याची बाटली दिसत होती. मी शेजारी बसले आणि बाटली ओढून घेतली. झाकण उघडणार तेवढ्यात तिनं माझं मनगट धरलं.

“ते नको पिऊ.”

“काऊन?” माहेरचं माणूस भेटलं की मधूनच माझ्या तोंडी गावची भाषा येते, जिच्यात बायाही ‘येतो’, ‘देतो’ म्हणतात.

“घरचं आहे.”

“मग घरचंच तर पाहिजे. रांजणातलं ना?”

“रांजणातलंच. म्हणून तर सांगून राह्यली. थांब, तुले इथलं आणून देतो, मशीनचं.”

ती उठायला लागली. मी तिची साडी धरून खाली बसवलं. मला अजून काही कळलं नव्हतं.

“वहिनी, रांजणाचं पाणी मले काऊन नको?”

“आता घ्या. तुह्यं लग्न झाल्यावर तुले कधी देल्लं काय मी ते पाणी?”

“मग मी येतो तेव्हा पितो ते?”

“ते कॅनचं राह्यते. सेलूवरून फिल्टरच्या पाण्याची गाडी येते ना. पाहुणे आले, कोणी बाळंतीण असली, की घेतो एक कॅन. छोट्या माठात ओतून ठेवतो तुह्यासाठी. पाहुण्याले कोणी सांगते काय, विकतचं आहे म्हणून?”

“अन् त्या दिवशी बाटल्यांत भरलं ते?”

“तेच.” वहिनी अगदी सहज म्हणाली. “सगळ्या मोहल्ल्यानं कॅन बोलावल्या होत्या, तू येनार म्हणून. तू आपली पोरगी, अन् वरून एवढ्या मोठ्या कामाले आलेली. बाटलीवर तुह्या भावाचं नाव. चारचौघांत जानार ती बाटली. बोरिंगचं पाणी भरून देऊ काय तिच्यात? कोणी म्हणन, पाहा, यायच्या घरचं पाणी असं.”

माझ्या आजीच्या काळी गावात आमच्या हातचं पाणी कुणी पीत नव्हतं. घरात यावर फारसं कुणी बोलत नाही. पण पाहुण्यापुढे तांब्या धरताना वहिनीचे हात किती जपून असतात, हे मी पाहिलेलं आहे. तांब्या घासूनपुसून लख्ख, पाणी काठोकाठ, आणि पाहुणा पिऊन होईपर्यंत ती समोरून हलत नाही. हे सगळं मला माहीत होतं. पांढऱ्या पट्टीवर ठळक अक्षरांत नावं लिहिताना मात्र यातलं काही म्हणता काही आठवलं नाही.

आमच्या प्रयोगशाळेत फ्लोराईड मोजायचं तेवढं यंत्र चालू होतं, म्हणून मी तेवढंच मोजलं होतं. बाकीचे क्षार मोजले असते तर तिथंच पितळ उघडं पडलं असतं. मशीनमधून गाळून आलेलं पाणी ते, त्यात क्षार येणार कुठून. आणि मी मातीचे गुण शोधत बसले होते. आकडे सारखे येणार नाहीत तर काय होणार? सगळ्या कॅन एकाच गाडीतून आलेल्या.

“काय झालं बाई? पाणी चांगलं निघालं म्हणून तर तुह्यं नाव झालं ना?”

“वहिनी, पाणी चांगलं निघालं म्हणून ते नळ देत नाहीत.” मी तिला कालचं साहेबांचं भाषण सांगितलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला. तिनं माझ्या हातातली बाटली घेऊन पिशवीत खाली दडपली आणि वर टॉवेल टाकला.

“मग आता?”

“आता खरं सांगावं लागेल.”

“काय सांगशीन? आम्ही तुले कॅनचं पाणी देल्लं म्हणून?” तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “इतक्या लोकांत? नको सांगू बाई. नाक कापल्या जाईन.”

“नाही सांगितलं तर नळ जाईल.”

ज्या बाईनं माझ्या वेण्या घातल्या, तिची लाज राखू की तिच्या पोरीचं पाणी, असा प्रश्न माझ्यापुढे होता, आणि आतून माइक तपासल्याचा आवाज येत होता.

मी सरांना गाठलं. ते दुसऱ्या प्राध्यापकांशी हसत बोलत होते. त्यांना बाजूला घेऊन मी घाईघाईत सगळं सांगितलं. सर ऐकत राहिले, त्यांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

“किती घरांनी?”

“सगळ्यांनी, सर.”

त्यांनी कप खिडकीच्या कठड्यावर ठेवला. “हे पाहा. आज आहे तसा पेपर वाचा. पुढे आपण नमुने परत घेऊ, दुरुस्ती छापू. असं होतं संशोधनात.”

“तोवर साहेब प्रस्ताव फेटाळतील.”

“एका पेपरावर कुणी प्रस्ताव फेटाळत नाही.”

“ते काल माइकवर म्हणाले, सर. तुम्ही टाळ्या वाजवल्या.”

हे मी बोलायला नको होतं. माझ्या जिभेला हाड नाही, आई नेहमी म्हणायची. सरांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, “माझं नाव पहिलं आहे त्या पेपरावर. निवृत्तीच्या तोंडावर मला लोकांपुढे तोंडघशी पाडायचं असेल तर पाडा. पण मग पीएचडीचं मला विचारू नका.” आणि ते आत निघून गेले. रागानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांचाही राग आला, आणि त्यांची दयाही आली. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, एवढीच त्यांची चूक होती.

माझं नाव पुकारलं गेलं.

स्टेजवर चढले तेव्हा पहिली स्लाईड पडद्यावर आलेली होती. मोठ्या अक्षरांत विषय, खाली सरांचं नाव, त्याखाली माझं. साहेब पहिल्या रांगेत मधोमध, हातात स्मरणिका. सर त्यांच्या डाव्या बाजूला, नजर सरळ, माझ्याकडे नाही. वहिनी मागून दुसऱ्या रांगेत, पिशवी मांडीवर. जांभळी साडी लांबूनही दिसत होती. तिच्याकडे न पाहता बोलायचं असं मी ठरवलं, आणि पाहिलं तिच्याकडेच.

सुरुवातीच्या स्लाईड मी वाचल्या. गाव, हातपंप, दातांचे फोटो. हातपंपाच्या पाण्याचे आकडे. इथवर सगळं खरं होतं. मग रांजणांचा तक्ता आला. मी रिमोट टेबलावर ठेवला.

“हा तक्ता कृपया कुणी उतरवून घेऊ नका,” मी म्हणाले. “हे रांजणाचं पाणी नाही.”

मागे कुणाचा तरी फोन वाजला आणि बंद झाला.

“मी बाटल्या स्वतः भरल्या नाहीत. मी बाटल्यांवर घरांची नावं लिहिली आणि ओसरीवर बसून राहिले. ज्या घरात गेले त्या घरानं मला पाहुणी समजून, विकत आणलेलं मशीनचं पाणी भरून दिलं. हे मला आत्ता, चहाच्या सुट्टीत कळलं. रांजण फ्लोराईड कमी करतो, असं म्हणायला माझ्याजवळ काहीही पुरावा नाही. नमुने मी घेतले होते. सरांचा त्यात दोष नाही.”

सत्राच्या अध्यक्षांनी चष्मा काढला. सरांनी मान खाली घातली होती. मी मागे पाहिलं तर जांभळी साडी उठत होती. वहिनी खुर्च्यांच्या मधून वाट काढत दाराकडे निघाली होती, पिशवी छातीशी धरून. दार लोटल्याचा आवाज आला. तशीच माइक सोडून तिच्यामागे पळावं असं वाटलं, पण साहेब बोलायला लागले होते.

“मॅडम, म्हणजे रांजण काम करत नाही?”

“माहीत नाही साहेब. मोजलंच नाही.”

“मग तुमच्या एवढ्या कामातून आम्ही समजायचं काय?” ते चिडून बोलले नव्हते, त्यांना खरंच विचारायचं होतं. पण मी आधीच पेटलेली होते.

“एवढं समजा साहेब, की त्या मोहल्ल्यात एकही घर असं नाही, जे आपलं रोजचं पाणी पाहुण्याला देतं. तेच पाणी ते आपल्या लेकरांना पाजतात.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते बरं झालं. साहेबांनी स्मरणिका मिटून खिशातून पेन काढलं, पण लिहिलं काहीच नाही. अध्यक्ष म्हणाले की पेपर मागे घेतला असं आम्ही नोंदवतो, आणि पुढचं नाव पुकारलं. मी उतरले. सरांच्या खुर्चीजवळून जाताना ‘सर’ म्हणाले. ते म्हणाले, “नंतर बोलू.” त्या ‘नंतर’चा अर्थ मला बरेच दिवस लागला नाही. पुढे त्यांनी मला काढून टाकलं नाही, आणि पहिल्यासारखं हसून बोललेही नाहीत.

मी धावत बाहेर आले. व्हरांडा रिकामा. गेटपाशी चौकीदाराला विचारलं, जांभळ्या साडीतली बाई गेली का. त्यानं कडुनिंबाकडे बोट दाखवलं. वहिनी पारावर बसली होती, रस्त्याकडे तोंड करून.

“वहिनी.”

“मले बसमध्ये बसवून दे.”

“मी कोणाचं नाव घेतलं नाही.”

“नाव घ्याची गरज होती काय?” ती वळली. ती रडत होती. मी तिला भावाच्या आजारपणातही रडताना पाहिलेलं नव्हतं. “त्या हॉलात तुह्या गावची कोण होती? मीच होती ना. सगळे पाहून राह्यले होते माह्याकडे.”

कुणी पाहत नव्हतं, त्यांना ती कोण हे ठाऊकही नव्हतं. पण हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता. मी तिच्या पायाशी, पाराच्या खालच्या पायरीवर बसले. म्हटलं, “माझं चुकलं. तुला विचारून सांगायला पाहिजे होतं.”

“विचारलं असतं तर मी नाई म्हटलं असतं.”

“माहीत आहे.”

समोरून तिची सेलूची बस गेली. ती उठली नाही. पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, “तो साहेब काय म्हणे?”

“काही नाही म्हणाला. पण रांजण वाटतो असंही नाही म्हणाला.”

“मग आता नळ येईन?”

“माहीत नाही वहिनी. मोजावं लागेल परत. खरं पाणी.”

ती बाटलीच्या टोपणावर बोट फिरवत राहिली. टॉवेल कधी काढला ते मला दिसलं नव्हतं, बाटली तिच्या मांडीवर होती. घरून निघताना तिनं ती स्वतःसाठी भरून घेतली होती, आणि बस सुटल्यापासून तेच पाणी ती पीत आली होती. अर्धीच उरली होती. ओठ लागलेली बाटली, परीक्षणाच्या कामाची नाही. केमिस्ट्री शिकवणारीला हे समजायला हवं होतं, आणि समजत होतंही.

तिनं बाटली माझ्यापुढे धरली.

“घे. पट्टी अन् पेन आहे ना तुह्याजवळ?”

होतं. पर्समध्ये तोच मार्कर होता. मी पट्टी फाडून बाटलीवर चिकटवली आणि सवयीनं भावाच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं. तिनं माझा हात थांबवला.

“त्याचं नको. माहं लिही,” ती म्हणाली. “पाणी मी भरतो.”